गंगामाईची ओटी

डायव्हिंगचा कोर्स करून आलेली वेदिका आज पहिल्यांदाच पाण्याखालच्या कपारीत शिरली, गोदावरीच्या डोहात, पाणबुडे रंगनाथकाकांच्या पाठोपाठ. तिने टॉर्च लावला. छताला कुजके हार चिकटलेले, चिखलात देवांच्या तसबिरी रुतलेल्या, आणि निर्माल्याच्या फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तोंडावर आदळत होत्या.

वर येताच तिने मास्क ओरबाडून काढला.

"शी! आई म्हणायचं नि तिच्याच पोटात उकिरडा करायचा! लाजा कशा वाटत नाहीत लोकांना?"

काकांनी पाठीवरची टाकी उतरवली.

घाटावर तिची आई डोळे पुसत उभी होती. "सुखरूप आलीस गं बाई! गंगामाईला ओटी बोलले होते मी," असं म्हणत तिने खण-तांदळाची गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी वेदिकाच्या डोक्यावरून डोहात भिरकावली.