नेव्हिलची तीन मिनिटं

ग्लेनिसचा धाकटा भाऊ नेव्हिल ऑस्टविक बातम्यांत अकरा सेकंद दिसला आणि बहीणभावाचं बोलणं जे तुटलं, ते एकोणीस महिने तुटलेलंच राहिलं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हॉर्नबी सँड्स गावातल्या, ऐन समुद्रासमोरच्या बेल्व्ह्यू हॉटेलात सरकारने आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना ठेवलं होतं. एका शनिवारी गावातली दोनेकशे माणसं झेंडे घेऊन हॉटेलासमोर जमली. ग्लेनिस तेव्हा आत होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यापासून ती शनिवारी त्या लोकांना इंग्रजी शिकवायला जायची. बाहेरचा आरडाओरडा तिला ऐकू येत होता, पण त्यात आपला नेव्ही असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. संध्याकाळी तो टीव्हीवर दिसला. तोंड लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. "हाकलून द्या सगळ्यांना! आमचं हॉटेल आम्हाला परत द्या!"

तिने तडक फोन लावला. "आई असती तर लाजेनं मेली असती!"

"आईला मध्ये आणू नकोस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याआधी दर शुक्रवारी तो आपल्या मासेमारीच्या बोटीवरून परतताना मागच्या दाराने यायचा. कधी दार वाजवलं नाही. साफ केलेला खेकडा ओट्यावर आदळायचा आणि ओरडायचा, "आहेस ना गं जिवंत?" नवरा गेल्यापासून तिच्या घरात मोठ्याने बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. आता ती दिवसभर रेडिओ लावून ठेवायची. झेंडे, सीमा, खरा इंग्रज कोण, यावर लोक फोन करकरून भांडत. ती भाजी चिरता चिरता त्यांना उत्तरं द्यायची. मग लक्षात यायचं, की ही उत्तरं त्या लोकांना नव्हतीच.

शेजारची मॉर्विन म्हणायची, "तू बरोबर केलंस. माणसानं तत्त्वाला धरून राहावं."

"तत्त्व काही चहाला येत नाही गं," ग्लेनिस म्हणायची.

पुढे सरकारने हॉटेल रिकामं केलं. आतली माणसं कुठल्या कुठल्या शहरांत पाठवली. एका बिल्डरला हॉटेल पाडून फ्लॅट बांधायचे होते, आणि त्यावर गुरुवारी दुपारी कौन्सिलची बैठक होती. ग्लेनिस गेली. बातमीदारांचं बाक रिकामंच होतं. गावचं साप्ताहिक बंद पडून तीन वर्षं झाली होती. लोकांसाठीच्या खुर्च्यांवर इनमीन सहा जण. कारकुनाने सांगितलं, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि पहिलंच नाव पुकारलं: नेव्हिल ऑस्टविक.

तो पुढच्या रांगेतून उठला. अंगावर लग्नाकार्याचा कोट. हातात एक कागद होता.

"माझी आई बेल्व्ह्यूत सव्वीस वर्षं चादरी बदलायची," त्याने वाचायला सुरुवात केली. "कामगारांनी पुढच्या दाराने यायचं नाही, असा नियम होता. निवृत्त झाली त्या दिवशी ती पहिल्यांदा पुढून आत गेली, मोठ्या दिवाणखान्यात बसून चहा प्याली आणि घरी येऊन रडली. त्या शनिवारी टीव्हीवाल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं होतं. मग तिनं विचारलं, राग येतो का? त्यावर मी जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत." त्याने कागद खाली ठेवला. "मी ते बोललो होतो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. पण त्या लोकांना आणलंत तेव्हा आम्हाला विचारलं नाहीत, नेलंत तेव्हा विचारलं नाहीत, आणि आता पाडायला निघालात तरी..."

घंटी वाजली. "धन्यवाद, मिस्टर ऑस्टविक. वेळ संपली."

सात विरुद्ध दोन मतांनी हॉटेल पाडायचं ठरलं.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं. "छान बोललास."

"ऐकायला होतं कोण? नऊ कौन्सिलर, त्यातला एक पेंगत होता."

"मी होते."

"दिसलीस मला. म्हणून तर मान वर केली नाही."

"टीव्हीवालीला आईचं सांगितलं होतंस, हे मला का नाही सांगितलंस, नेव्ही?"

"तू विचारलंस कुठे? तू तर फोन करून थेट आईलाच कबरीतून उठवलंस."

ग्लेनिस म्हणाली, "ते चुकलं माझं. तेवढंच हं. बाकीचं काही मी मागे घेणार नाही."

"नको घेऊस. मीही माझं मत बदलणार नाही."

"बदल म्हणतंय कोण?"

दोघं बसथांब्याकडे निघाली. तो फार हळू चालत होता. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "माझ्या वर्गात एक टेस्फाय होता, एरिट्रियाचा. तोही मासेमारी करायचा. खिडकीतून बोटी बघत बसायचा. तुझ्या भावाची कुठली, विचारायचा. मी दाखवायचे, ती हिरवी. अजून रोज सकाळी बघते मी तिला बंदरातून निघताना. म्हणते, चला, आमचा नेव्ही गेला कामाला."

नेव्हिल थांबला. "हिरवी विकली मी, ग्लेन. मागच्या मार्चमध्ये. गुडघे गेले. पीटरसनचा जावई चालवतो ती."

वर्षभर ती एका परक्या माणसाला डोळे भरून निरोप देत आली होती, आणि हा तिकडे आपल्या खोलीत पाय शेकत एकटा बसला होता.

"मला कळवायचंस तरी," ती कशीबशी म्हणाली.

"रोज ठरवायचो."

थांब्यावर पोचून नेव्हिल बाकावर टेकला, तेवढ्यात वळणावर बस दिसली. नेव्हिलने हात केला नाही. बस थांब्यापाशी जराशी मंदावली आणि निघून गेली.

"पुढची चाळीस मिनिटांनी आहे," ग्लेनिस म्हणाली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला, आणि बाकावर तिच्यासाठी जागा करून सरकून बसला.