मोजल्याशिवाय सही नाही

थोरलीच्या कॉलेजात भाषेच्या मॅडमनी भलतंच खूळ काढलं होतं. घरातल्या एका माणसाच्या कामावर दोन पानं लिहायची, ती त्याच माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि खाली त्याची सही घ्यायची. सही नसेल तर मॅडम पानाला हात लावणार नाहीत, म्हणजे विषय राहिलाच म्हणून समजा.

थोरलीनं आईवर लिहिलं. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची. लिहिलं खरं, पण स्वतःचंच वाचून तिला कसंनुसं झालं. वाक्यं तुटकी, गबाळी. आणि शेवटी शेवटी तर असं काही लिहून बसली होती, की आईसमोर वाचायचं म्हटलं तर जीभ रेटली नसती. मग तिनं सगळं उचलून मोबाईलमधल्या एआयला दिलं, म्हणाली, जरा नीट करून दे. त्यानं अर्ध्या मिनिटात असं चकाचक करून दिलं, की बाईसाहेब खूश. जे नकोसं होतं तेही आपसूक गायब.

संध्याकाळी आई कामावरून आली, हातपाय धुऊन चहा घेऊन बसली. थोरलीनं वाचायला घेतलं. ‘तिच्या कष्टाळू हातांत मायेचा ओलावा आहे. प्रत्येक चादरीत ती निःस्वार्थ सेवेचा धागा विणते. मला तिचा सार्थ अभिमान वाटतो.’ आईनं शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

“छान आहे गं,” ती म्हणाली. “कोण ही बाई?”

“कोण म्हणजे? तूच.”

“मी कुठे विणते? मी धुते.”

“बरं, धुतेस. सही कर ना आई, उद्या शेवटचा दिवस आहे.”

आईनं पेन घेतलं आणि परत ठेवलं. लाँड्रीत वॉर्डातून आलेलं गाठोडं उघडून चादरी मोजल्याशिवाय तिनं कधी सोबतच्या चिठ्ठीवर सही केली नव्हती. वॉर्डातली माणसं घाई करायची, तोंडं वाकडी करायची, ही आपली मोजत बसायची.

“यात मी मला सापडत नाही,” ती म्हणाली. “सही कशी करू? आधी तू वहीत लिहीत होतीस ते कुठंय?”

थोरलीचं डोकंच फिरलं. पण सहीवाचून सगळं अडलेलं, करते काय! तिनं वही काढली.

“गबाळं आहे. हसायचं नाही.”

‘आई चादर झटकताना डोळे मिटते. एकदा चादरीत राहून गेलेली वॉर्डातली कात्री उडून तिच्या भुवईला लागली होती. घरी आमची पांघरुणंसुद्धा ती डोळे मिटूनच झटकते.’

“घरीपण?” आईनं भुवईवरून बोट फिरवलं. “बघ, मलाच ठाऊक नव्हतं. पुढे वाच.”

थोरली वाचत गेली. चहा गार झाला तरी आईचं कपाकडे लक्ष नव्हतं. आणि मग थोरली थांबली.

“झालं.”

“अजून ओळी दिसतायत की.”

आता सुटका नव्हती. थोरलीनं मान खाली घालून वाचलं. ‘शाळेत मी आई हॉस्पिटलमध्ये असते एवढंच सांगायचे. मैत्रिणींना ती नर्स वाटायची. मी वाटू दिलं. मला तिच्या कामाची लाज वाटायची.’

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं वही पुढ्यात ओढली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश बोट फिरवलं आणि खाली सही केली.

“तुला राग नाही आला?”

“आला होता ना. तेव्हाच येऊन गेला. ती तुझी दोन वेण्यांची मैत्रीण रस्त्यात भेटली होती मला. विचारत होती, इंजेक्शन फार दुखतं का हो काकू?”

थोरलीला वर बघवेना. “मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, मी देते ते नाही दुखत.”