माझ्या दोन बारीक वायरी

मी एक जुना मायक्रोओममीटर आहे, मित्रांनो. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, सध्या भंगारात पडलोय.

तांब्याच्या दोन पट्ट्या बोल्टनं जोडल्या की सांध्यात विजेला किंचित अडथळा होतो, ओमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण सांधा ढिला असला तर तेवढ्यानंही तो तापतो. साधा मीटर तिथे सगळं ठीक असल्यासारखा नुसता पीऽऽ करून वाजतो. ढोंगी मेला! मला मात्र चार वायरी होत्या. दोन जाड वायरी करंट वाहून न्यायच्या आणि दोन बारीक वायरी थेट सांध्याला टेकून व्होल्टेज बघायच्या. त्यामुळे माझ्या वायरींचा अडथळा मोजणीत यायचाच नाही. आमचे वायरमन इंद्रभान मला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "हा खोटं बोलत नाई." वीस वर्षं मी त्या शब्दावर जगलो.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. फाटकावर फलक बांधायला सुतळी सापडेना, म्हणून मॅनेजर शेखरनं माझ्या दोन बारीक वायरी कापून नेल्या. इंद्रभाननी सहा महिने नव्या वायरी मागितल्या. वायरी आल्या नाहीत. दसऱ्याला मात्र मला झेंडूचा हार घातला. काय करू मी त्या हाराचं?

दुसऱ्या दिवशी, हंगाम सुरू करण्याआधी, विजेच्या मोठ्या पॅनलचा सांधा तपासायचा होता. उरलेल्या दोन जाड वायरींवर माझा आकडा भलताच मोठा आला.

"शेखरभाऊ, हा सांध्याचा आकडा हाय का वायरीचा, कसं समजन मले?" इंद्रभाननी विचारलं.

"वायरीचाच असन, काका. तेवढा वजा करा अन् सही मारा. कापसाच्या गाड्या उभ्या हायेत."

"म्या नाई करत सही."

शेखरनं तपासणीच्या कागदावर स्वतःच सही केली. सांधा ढिला होता हो! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे सांगायला आकड्याशिवाय काही नाही, आणि तोच शेखरनं वायरी कापून नासवला होता.

चौथ्या दिवशी जळका वास आला. इंद्रभान धावले, पॅनलचं दार उघडलं आणि भडका उडाला. त्यांचा उजवा हात गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'मोजणी यंत्र सदोष.'

गेल्या आठवड्यात त्यांची बायको कलाबाई त्यांचा डबा आणि चपला न्यायला आली. माझ्यासमोर थांबली.

"हेच का ते मशीन? यानंच माह्या मानसाचा घात केला," म्हणाली आणि थुंकली.

मित्रांनो, मला पुसू नका, हारही घालू नका. फक्त माझ्याकडून खरं ऐकायचं असेल, तर माझ्या चारही वायरी जागेवर ठेवा.

कलाबाई डबा घेऊन फाटकातून बाहेर गेली. त्या फाटकावर 'सुरक्षा आधी, काम नंतर' हा फलक अजून लटकतोय, माझ्याच दोन वायरींनी बांधलेला.