तळाची निळी फरशी

जुन्या मित्राच्या, चांदच्या पत्राला श्यामसुंदररावांनी उत्तर दिलं नव्हतं. तीन वर्षं झाली. पत्र त्याची बायको, जैनबवहिनी गेल्याचं होतं. सांत्वनाच्या चार ओळींसाठी त्यांनी सात कागद फाडले. प्रत्येक वाक्य पुस्तकी वाटलं. जन्म ग्रंथालयात गेला आणि शब्द सापडत नाहीत, याची लाज वाटली. मग त्या लाजेवर उशिराची लाज चढली.

आता अडलं होतं चांदवाचूनच. त्यानं तीस वर्षं पोहण्याच्या तलावाचं पाणी राखलं होतं.

खराडीला लेकीच्या बंगल्यामागे छोटा तलाव होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या पत्नीचा, आनंदीबाईंचा उजवा पाय हलायचा तो त्या पाण्यातच. आठ दिवसांपूर्वी पाणी गढुळलं. व्यायाम करून घेणारी सुमय्या काठावरूनच परतली.

"आजोबा, तळाची फरशी दिसल्याशिवाय आजींना उतरवणार नाही. बुडाल्या तर दिसायच्याही नाहीत." मग हळूच म्हणाली, "पाय पुन्हा आखडतोय. फार दिवस गेले तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

लेक-जावई परदेशी. देखभाल करणारा कोंडीराम गावी गेलेला, त्याचा फोन लागेना. श्यामसुंदररावांनी मंडईतून तुरटी आणली, बादलीत विरघळवून ओतली आणि आई हंड्यात तुरटी फिरवायची तसे बांबूनं पाणी ढवळत राहिले. पंप रात्रंदिवस चालू. तीन दिवसांत पाणी आणखीच पांढरं झालं.

चाकाच्या खुर्चीतून आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, ताक झालंय. लोणी कधी काढताय?"

"माझ्यानं होत नाही गं."

"मग चांदभावजींना विचारा."

"कोणत्या तोंडानं?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

फोन हातात घेऊन त्यांनी तो खाली ठेवला. जुन्या शब्दकोशातून पत्र काढलं. पहिल्या ओळी त्यांना पाठ होत्या. त्या ओळींच्या धसक्यानं शेवट त्यांनी कधी नीट वाचलाच नव्हता.

'तलावात तुरटी मिसळली की आपण पंप बंद करतो आणि सकाळपर्यंत पाण्याला हात लावत नाही. ढवळत राहिलं तर गाळ बसत नाही. मीही तसाच बसून आहे. तू ये. नुसता बस. बोलू नकोस.'

सात कागद फाडले, आणि चांदनं शब्द मागितलेच नव्हते.

त्यांनी पंप बंद केला. बांबू कुंपणापलीकडे फेकला.

सकाळी तळाशी राखाडी साय बसली होती आणि तिच्या फटीतून निळी फरशी दिसत होती. पाण्याला धक्का लागू न देता, नळीनं तो गाळ बाहेर ओढेपर्यंत दुपार झाली. सुमय्यानं पाणी तपासलं, तळ निरखला आणि दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंना धरून उतरवलं. पाय हलला नाही. बऱ्याच वेळानं अंगठा हलला. फक्त अंगठा.

"उद्या परत," सुमय्या म्हणाली.

श्यामसुंदररावांनी काठावरच पोस्टकार्ड लिहिलं. 'चांद, पाणी निवळलं. रविवारी येतो. बोलणार नाही.' पुन्हा वाचलं तर फाडलं जाईल, म्हणून न वाचताच ते कोपऱ्यावर गेले आणि लाल पेटीत कार्ड टाकून आले.