नळाचा दिवस आणि घरची शाळा

उन्हाचा पारा चढला म्हणून शाळेनं मुलांना सुट्टी दिली, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आजकालच्या शाळा बघितलेल्या नाहीत. शाळेनं सुट्टी दिली नाही, शाळाच घरी पाठवून दिली. मुलांना उन्हाचा त्रास होऊ नये ही त्यातली कळकळ. आयांना कशाकशाचा त्रास होतो, याचा विचार करायला शाळेला वेळ मिळाला नसावा.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं रो-हाउसांची एक गल्ली आहे. तिथं राहणाऱ्या कालिंदीच्या फोनवर आदल्या संध्याकाळीच दुसरीच्या वर्गाचा बेत येऊन पडला. सकाळी सूर्यनमस्कार. मग डाळीच्या दाण्यांनी बेरीज, मग झाडाच्या पानांचे ठसे, मग आजीला गोष्ट सांगणं, मग गॅस न पेटवता एक पदार्थ, मग निळे कपडे घालून 'पाणी वाचवा' हे अभिनयगीत, आणि चार वाजता सगळ्या वर्गानं ऑनलाइन जमून 'आज मी काय शिकले' ते सांगायचं. प्रत्येकाचा व्हिडिओ हवा. सगळ्यात खाली एक ओळ होती: पालकांनी मदत करू नये, फक्त सोबत असावं. वर्गातल्या एकाही आईनं ती ओळ वाचल्याचा पुरावा नाही.

नेमका तो नळाचाही दिवस होता. या शहरात नळाचा दिवस कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पाणी इथं रोज येत नाही. आठवडा उलटला की एकदा येतं, जेमतेम तासभर थांबतं आणि बसायलाही न सांगता निघून जातं. तेवढ्या वेळात मोटर लावून हौद, टाकी, ड्रम, बादल्या, कुकर, हाताला लागेल ते भरून घ्यायचं. चुकलं की पुढचा आठवडा कोरडा. कालिंदीच्या हौदाचा तर कालच तळ दिसायला लागला होता.

"पाण्याकडं लक्ष ठेव हं," पहाटे वाळूजच्या कंपनीची बस गाठायला निघालेला तिचा नवरा केशव म्हणाला. "नाहीतर आठवडाभर आंघोळीची गोळी घ्यावी लागेल."

"नळ पाचला आहे. गल्लीच्या ग्रुपवर आलंय," कालिंदी म्हणाली. "तोवर शाळा संपते. सगळं आखलंय मी."

आखण्यात कालिंदीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती ज्या सीएकडं काम करायची, तिथला अख्खा मार्च महिना तिच्या जोरावर निघायचा. त्यापुढं दुसरीच्या एका दिवसाची काय मातब्बरी! रजाही तिनं एकाच दिवसाची टाकली होती.

सूर्यनमस्कारांनी सुरुवात झाली. तिच्या लेकीनं, मृण्मयीनं, ते घातलेही, पण व्हिडिओत मागं वाळत घातलेले टॉवेल आले. टॉवेल काढून पुन्हा. मग केस विस्कटले, म्हणून पुन्हा. तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर अमेय नावाच्या मुलाचा व्हिडिओ आला. त्याच्यामागं गच्चीवर खराखुरा सूर्य उगवत होता. कालिंदीनं खिडकीतून वर बघितलं. सूर्य तर आता पार वर गेला होता, त्याला काही खाली बोलावता येईना.

बेरीज पहिल्याच फटक्यात बरोबर आली, पण तेव्हा फोन आडवा धरलेला होता. "परत कर गं, राणी," कालिंदी म्हणाली. परत करायला सांगितलं म्हणजे आधीचं चुकलं असणार, असं मृण्मयीला वाटलं. तिनं विचार करून नवीन उत्तर दिलं. ते चूक निघालं. तिसऱ्या वेळी तिनं आईच्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं आणि ते बरोबर आलं. गणिताचा पाया असाच पक्का होत असतो.

पुढचे ठसे कालिंदीनंच उमटवले. मृण्मयीनं बोटाला रंग लावून ते दाखवले, मदत नको म्हणून. आजी परभणीला होती. तिला व्हिडिओ कॉल लावला, तर आजीच गोष्ट सांगत बसली आणि मृण्मयीला 'हं हं' करण्यापलीकडं काही बोलायला मिळालं नाही. शेवटी कालिंदीनं आवाज बंद करून तोच व्हिडिओ पाठवला. त्यावर मिसनी फूल टाकलं. बिनगॅसच्या भेळीचा व्हिडिओ काढेपर्यंत भेळ संपली होती, म्हणून रिकामी वाटी चाटणारी मृण्मयीच 'आस्वाद' असं लिहून धाडून दिली.

आता राहिलं 'पाणी वाचवा'. यावर कालिंदीची सगळी मदार होती. सूर्य हुकला, पण गाणं हुकता कामा नये. तिनं मृण्मयीला आपली निळी ओढणी गुंडाळली आणि कपाळाला पुठ्ठ्याचा थेंब चिकटवला. आवाज येतो म्हणून कूलर बंद केला. मध्येच फोन वाजतो म्हणून तो विमानात बसल्यासारखा करून टाकला. कुरिअरवाल्यांचा भरवसा नाही म्हणून बेलचं बटणही बंद केलं. आता जगातलं काहीही पाणी वाचवण्याच्या आड येणार नव्हतं.

"थेंबा रे थेंबा, जरासा थांब," मृण्मयी घामाघूम होऊन गात होती.

"हात, मृण्मयी! 'थांब'ला हात पुढं!"

इतक्यात बाहेर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. मग शेजारूनही तसाच, मग चहूकडून. एरवी हा आवाज कालिंदीला गाढ झोपेतून उठवून उभं करतो. पण आज नळ पाचला होता, ग्रुपवर तसं आलं होतं, आणि पोरीचा हात 'थांब'च्या जागी काही केल्या पुढं येत नव्हता. "लोकांना आत्ताच कसली ड्रिलिंगं सुचतात!" असं म्हणत तिनं खिडक्या लावून घेतल्या.

मग दार वाजलं. समोरच्या घरातल्या आशाबाई होत्या. मुलाच्या नोकरीपायी त्या पाचोडहून शहरात आल्या होत्या आणि गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं हे त्यांना वासावरून कळायचं. कालिंदीनं हातभर दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं, आतल्या निळ्या थेंबाकडं खुणावलं आणि "नंतर, काकू, नंतर," असं पुटपुटून दार लावलं. आशाबाईंचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. पुन्हा थाप पडली. "आगं ए कालिंदी!" अशी हाकही आली, आणि ती नेमकी सगळ्यात चांगल्या टेकमध्ये गेली. कालिंदीनं दाराला कडी घातली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

शेवटी एकदाचं जमलं. पोरीचा हात पुढं आला, थेंब कपाळाला टिकला आणि कालिंदीनं समाधानानं फोन जमिनीवर आणला. आणला मात्र, गल्लीच्या ग्रुपवरचे निरोप धडाधड आदळायला लागले. नळ आला. लवकर आला. मोटरी लावा. कुणाकडं राहिलाय का? गेला.

कालिंदीचं धाबं दणाणलं. ती तशीच धावत बाहेर आली. गल्लीतल्या पायऱ्या धुतलेल्या होत्या. कुणीतरी हौसेनं गाडीसुद्धा पुसली होती. तिनं मोटरचं बटण दाबलं, तर मोटर कोरडीच गुरगुरली. नळाला हात लावला, नळ गरम होता. ती तिथंच मटकन बसली आणि तिला खरंच रडू आलं. केशवला काय सांगायचं, हे नंतरचं. पण आठवडाभर पोरीला काय पाजायचं, भांडी कशात घासायची, कपडे? आणि हे सगळं कुणी केलं, तर आपणच, स्वतःच्या हातानं, कडी घालून!

"आता कामून रडती?" आशाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी गळा फाडून वरडत व्हते. तोंडावर दार लावलंस की."

"चुकलं, काकू," कालिंदी म्हणाली. मान वर करायची तिची हिंमत होईना. "मृण्मयीचा व्हिडिओ चालला होता. शाळेचा."

"कशाचा म्हनं एवढा?"

मागून निळी ओढणी सावरत मृण्मयी म्हणाली, "पाणी वाचवाचा."

आशाबाईंनी कालिंदीकडं बघितलं, मग नळाकडं. "मग वाचलं का?"

कालिंदीनं डोळे पुसले. आशाबाई मात्र एवढं बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. "ऊठ. माझा हौद भरलाय. समद्यांना पुरंल यवढं नाय, पर तुझ्या लेकराला पुरंल. माझ्याकडं पाइप लई लांब हाय," असं म्हणत त्या घरात गेल्या आणि गावाकडं मळ्यात वापरायचा तो पाइप गल्लीतून ओढत आल्या.

पाइप लांब होता, पण ठिकठिकाणी जोडलेला होता. कालिंदीच्या हौदापाशी त्याचं तोंड घट्ट धरून बसावं लागायचं, नाहीतर तो उसळी मारून पाणी गल्लीला वाटायचा. कालिंदी तो धरून बसली आणि चार वाजले. 'आज मी काय शिकले' याची वाक्यं तिनं सकाळीच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. फोनच्या मागं उभं राहून ती दाखवायची, हा बेत होता. आता पुठ्ठा घरात आणि कालिंदी हौदावर. दिवसभरात पहिल्यांदाच मृण्मयी फोनपुढं एकटी बसली. पुन्हा उघडलेल्या खिडकीतून कालिंदीला सगळं ऐकू येत होतं.

एकेक मूल बोलत होतं. पाणी हे जीवन आहे. पाणी ही राष्ट्राची संपत्ती आहे. दुसरीतल्या मुलांना असं पाठोपाठ सुचत होतं आणि त्यांच्या वर्गशिक्षिका, दीपमाला मिस, प्रत्येकाला "वा, छान!" म्हणत होत्या. सकाळपासून फोन गप्प करून पोरांचे व्हिडिओ तपासून त्यांचा आवाज पार थकला होता.

"मृण्मयी, तू काय शिकलीस?"

कालिंदीनं पाइप आणखी घट्ट धरला. सोडावा तर पाणी जातं, धरावा तर अब्रू.

"आज नळ आला होता, मिस," मृण्मयी म्हणाली. "आम्हाला कळलंच नाही. आम्ही पाणी वाचवत होतो."

कालिंदीनं डोळे मिटून घेतले. आता हसतील सगळे. पण कुणी हसलं नाही. मिसनी "वा, छान"ही म्हटलं नाही.

"मृण्मयी, तुम्ही मुकुंदवाडीत राहता ना?" मिसचा आवाज एकदम बदलला. "अगं, आपला नळ पाचला आहे. मीही तिथलीच."

"नाही मिस, तो मघाशीच आला. आणि गेला."

"एक मिनिट हं, मुलांनो," मिस म्हणाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुठंतरी पावलं धावली, कुठंतरी तोटी फिरली, आणि मग मिसच्या नळाची कोरडी घरघर सगळ्या वर्गानं, वर्गाच्या सगळ्या आयांनी आणि हौदावर बसलेल्या कालिंदीनं नीट ऐकली. ती थांबली तरी मिस परत आल्या नाहीत.

"मिस," मृण्मयीनं फोनच्या अगदी जवळ जाऊन हाक मारली, "तुम्ही आमच्याकडं या. आशाआजीचा पाइप लई लांब आहे."