राखाडी हिरव्यातली पायरी

मी रंगपट्ट्यांचा जुडगा बोलतोय. किल्ल्यांचा असतो ना, तसाच. फक्त माझ्या कडीत किल्ल्यांऐवजी जाड कागदाच्या चौऱ्याऐंशी पट्ट्या ओवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एक रंग, मागे पेन्सिलीनं त्याचा नंबर. रंगाच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या छापील शेडकार्डांशी माझी गल्लत करू नका. मला हातानं रंगवलंय.

जिनं रंगवलं, ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती, रंगसंगती शिकत होती. ‘विकतचं शेडकार्ड वापरायचं नाही, स्वतःचं बनवायचं,’ असा तिच्या सरांचा दंडक. ती रोज रंग कालवायची, पट्टीवर चढवायची, वाळायची वाट बघायची. वाळल्यावर रंग थोडा बदलतो. मनासारखा नाही आला की पट्टी सरळ केराच्या टोपलीत. माझी किती भावंडं अशी गेली, मोजदाद नाही.

सरांनी मला पंख्यासारखं उघडलं आणि शेजारशेजारचे रंग कसे गुण्यागोविंदानं नांदतात, समोरासमोरचे एकमेकांना कसे उठाव देतात, ते तिला दाखवलं. मग म्हणाले, “आता डोळे किलकिले कर. जे दोन रंग एकमेकांत विरघळतील त्यांच्यात भांडण नाही. पण त्यांना एकमेकांपासून ओळखताही यायचं नाही. हे विसरू नकोस.”

तिला भांडण नाही एवढंच आवडलं. पुढचं तिनं वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

दहा-बारा वर्षांत तिचं नाव झालं. घरं, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे ती मला घेऊन जायची. “तुम्ही रंगवलेल्या खोलीत आलं की जीव शांत होतो,” असं लोक म्हणायचे. तिच्या पिशवीत मीही फुगून बसायचो.

मग वृद्धाश्रमाचं काम आलं. चाळीसेक म्हातारी माणसं, दुमजली इमारत, आणि मागच्या अंगाला नवं जेवणघर बांधलेलं. जुनी ओसरी आणि नवं जेवणघर यांच्या मध्ये एक पायरी होती. एकच, वीतभर उंचीची. दोन्हीकडच्या जमिनी जुळल्या नाहीत म्हणून राहून गेलेली. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते.

तिनं माझ्या एकतीस ते पस्तीस नंबरच्या पट्ट्या उघडल्या. सगळे राखाडी हिरवे, एकाच आईची लेकरं. भिंतीला बत्तीस, दाराला एकतीस, कठड्याला चौतीस, छताला पस्तीस. जमिनीला तेहेतीस, पायरीलाही तेहेतीस.

काम चालू असताना तिथल्या मावशी जवळ आल्या. म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं, हात धरून फिरवणं त्यांच्याकडे होतं.

“मॅडम, पायरी तेवढी वेगळी रंगवा ना. आमच्या आजी-आजोबांना कळायची नाही.”

“मावशी, मध्येच पट्टा ओढला तर सगळा मेळ तुटतो. दोन दिवसांत सवय होईल त्यांना.”

“बरं,” म्हणून मावशी गेल्या. पण जाताना त्यांनी पायरीवरून एकदा पाय फिरवून बघितला, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रंगारी काकांनीही हात थांबवला. “बाई, माझंच पाऊल काल दोनदा चुकलं तिथं.”

“तुम्ही डब्याकडे बघत चालता, काका,” ती हसत म्हणाली.

मी तिच्या हातात होतो आणि तिचा अंगठा माझ्या तेहेतीस नंबरवर दाबलेला होता. तो ओला झाला होता. म्हणजे तिलाही कुठेतरी टोचलं होतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. पण मी उघडणार तेवढाच, जेवढं कोणी उघडेल.

उद्घाटन झालं. फोटो काढणारा आला, त्यानं सगळ्या खुर्च्या आणि सगळी माणसं बाहेर काढून रिकाम्या जेवणघराचे फोटो घेतले. एका मासिकानं त्यातला एक फोटो मुखपृष्ठावर छापला. खोली छान दिसत होती. पायरी दिसत नव्हती.

उद्घाटनानंतर विसाव्या दिवशी फोन आला. घड्याळवाले आजोबा पायरीवरून पडले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. खुब्याचं हाड मोडलं होतं. मावशी त्यांच्यामागे दोन पावलांवर होत्या.

“उद्या पाच वाजता बैठक आहे. तुमची एक सही लागेल,” फोनवर वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले. “काळजी करू नका. चूक मावशींची आहे, हात धरला नव्हता त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधीच पोचली. ओसरीत कोणी नव्हतं. फक्त एक आजी खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. ती पायरीपासून दहा पावलांवर उभी राहिली आणि तिनं डोळे किलकिले केले. मी तिच्या छातीशी होतो. समोर सलग जमीन होती. पायरी नव्हतीच.

ती आजींपाशी गेली, मला सोडवलं आणि त्या पाच पट्ट्या त्यांच्या मांडीवर ओळीनं मांडल्या.

“आजी, हे किती रंग आहेत?”

आजींनी पट्ट्या डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या. “एकच की गं. पाच वेळा कशाला मांडलास?”

“आणि तुम्ही पायरी कशी उतरता?”

“मी? मी नाही जात जेवणघरात. ताट इथंच मागवते. आम्ही सातआठ जण इथंच जेवतो. भीती वाटते बाई. पण कोणाला सांगायचं, इतकं सुंदर केलंय.”

पट्ट्या पुन्हा ओवताना तिनं बत्तीस आणि चौतीस उलटसुलट ओवल्या.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला संस्थेच्या अध्यक्षबाई, शेजारी व्यवस्थापक. मावशींना कोणी बस म्हटलं नव्हतं, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिच्यासमोर टाइप केलेला कागद आला. ‘पायरी स्पष्ट दिसते. रंगकामात दोष नाही.’ खाली सहीची जागा.

“तुमचं काय म्हणणं आहे?” अध्यक्षबाईंनी मावशींना विचारलं.

“काय म्हणू? आजोबा पुढं होते, मी दुसऱ्या आजींचा हात धरला होता. एका वेळी एकाचाच धरता येतो.” मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मॅडमला आधी सांगितलं होतं, हे त्यांना म्हणता आलं असतं. म्हणाल्या नाहीत.

“उद्यापासून येऊ नका म्हणावं लागेल,” व्यवस्थापक म्हणाले. “मॅडम, सही करता ना?”

तिनं पेन उचललं. टोपण काढलं. टेबलावर पडल्या पडल्या मी तिचं मनगट बघत होतो. कागदावर टोक टेकलं, शाईचा ठिपका पडला, तो पसरायला लागला. मी तिच्याबरोबर शेकडो खोल्या पाहिल्या, पण कुठल्याच रंगाला वाळायला इतका वेळ लागला नव्हता.

तिनं पेन खाली ठेवलं.

“पायरी मी लपवली,” ती म्हणाली.

व्यवस्थापक काहीतरी म्हणायला गेले. अध्यक्षबाईंनी हात वर केला.

“वय झालं की डोळ्यातल्या भिंगावर पिवळसर झाक येते. माझे हे पाच रंग त्यांना एक दिसतात. आत्ताच विचारून आले. मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रंगारी काकांनीही सांगितलं. मी ऐकलं नाही. मला फोटोत मेळ हवा होता.”

“मॅडम, बाहेर हे कळलं तर तुमच्या नावाचं काय?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“जे व्हायचं ते होईल. मावशींना काढू नका.”

मावशी राहिल्या. तिची मात्र पुढची दोन कामं हातची गेली. मासिकाला तिनं सगळं कळवलं. त्यांनी ते छापलं नाही.

दवाखान्यात ती आजोबांना भेटायला गेली, तेव्हा शब्द जुळवून गेली होती. ते सगळे दारातच विसरली. “माझ्यामुळे झालं,” एवढंच म्हणाली.

आजोबांनी छताकडे बघत उशी सारखी केली. “सोनेरी तबकडी, सोनेरी आकडे, सोनेरी काटे. अशी घड्याळं लोक हौसेनं घ्यायचे,” ते म्हणाले. “आणि मग वेळ शेजाऱ्याला विचारायचे. मी कितीतरी काटे काळे करून दिलेत. तू मला आधी भेटायला हवी होतीस.”

“हो.”

“पाय आता पूर्वीसारखा व्हायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. रागावलोय मी तुझ्यावर.” मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तो जुडगा काय आहे? आण इकडे.”

त्यांनी मला उघडलं. त्यांची बोटं सुकी होती, नेमकी होती. एकेक पट्टी ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरायचे, डोळे बारीक करायचे आणि बाजूला सारायचे. निळे गेले, जांभळे गेले. लाल आला तेव्हा म्हणाले, “हा ओरडतो.” एकाहत्तर नंबरच्या विटकरीवर त्यांचा हात थांबला. “हा दिसतो. आणि डोक्यात जात नाही.”

ती आ वासून बघत राहिली. विटकरी हा राखाडी हिरव्याच्या अगदी समोरचा रंग, आणि त्याच्याहून कितीतरी गडद. ज्यांना एकमेकांपासून ओळखता येतं त्यांचाही मेळ बसतो, हे शिकवणारे सर केव्हाच गेले होते. आता एका घड्याळजीनं तेच पलंगावर पडून तिला शिकवलं.

पायरीच्या कडेला चार बोटं रुंद विटकरी पट्टा आला. कठडाही विटकरी झाला. संडासाच्या दाराला गडद पिवळा. या वेळी प्रत्येक रंग आधी फळीवर लावून ती ओसरीत घेऊन बसायची आणि जो येईल त्याला विचारायची.

अडीच महिन्यांनी आजोबा परत आले, हातात चालायची चौकट धरून. जेवणाची वेळ होती. पायरीपाशी येऊन ते थांबले. मावशी त्यांच्या बाजूला आल्या, पण हात लावला नाही, नुसता तयार ठेवला. ती दाराशी उभी होती आणि मला इतकं आवळलं होतं की माझी कडी वाकली.

आजोबांनी चौकट खाली टेकवली. खाली पाहिलं. एक पाय उतरवला. मग दुसरा.

“आमटी गार झाली असेल,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

त्या दिवशी तिनं मला ओसरीतल्या खिळ्याला अडकवलं आणि नवा जुडगा बनवायला घरी गेली. तेव्हापासून मी इथंच आहे. एकाहत्तर नंबर दुकानात नमुना म्हणून गेला तो परत आला नाही. उरलेल्यांच्या कडा झिजल्यात, एकीवर हळदीचा डाग आहे. विणणाऱ्या आजी लोकर निवडायला मला काढतात. आजोबा पट्ट्या हलवून सगळ्यांची नजर तपासतात आणि उगाचच मार्क देतात. ती महिन्यातून एकदा येते. आजोबा अजून तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, पण शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात.

तुम्हीही कधीतरी घरासाठी, दुकानासाठी, पुस्तकासाठी रंग निवडाल. माझ्यासारखा एखादा जुडगा हातात घ्याल. जरूर घ्या, मेळ साधा, हौस करा. पण तो उघडायच्या आधी, त्या रंगांमधून ज्याला रोज चालायचं आहे त्याला शेजारी बसवा. येतो मी. आजींना निळी लोकर हवी आहे आणि त्यांनी हिरवी उचलली आहे.