शोभनाताईंचा होकार

दिवाळीच्या पाडव्याला शोभनाताईंनी नवऱ्याच्या, मोरेश्वरांच्या कपाळाला कुंकू लावलं, निरांजनाने ओवाळलं आणि तबक पुढे धरलं. मोरेश्वरांनी त्यात ओवाळणीची डबी ठेवली. पाटाशेजारी मांडी घालून बसलेला ताकुमी, म्हणजे लेकीने, सलोनीने पसंत केलेला जपानी मुलगा, हे सगळं मन लावून पाहत होता. त्याने खिशातून फोन काढला आणि कॅलेंडर उघडलं.

"आणि काका तुम्हाला कोणत्या तारखेला ओवाळतात, काकू?" त्याने आपल्या सावकाश इंग्रजीत विचारलं.

सलोनीला हसू आवरेना. "अगं, त्यांच्याकडे फेब्रुवारीत मुली पुरुषांना चॉकलेटं देतात, आणि एका महिन्याने पुरुष परत देतात. म्हणून विचारतोय बिचारा."

"आमच्यात तसा दिवस नाही," मोरेश्वर म्हणाले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

शोभनाताई चहा ठेवायला उठल्या. परदेशातल्या, श्रूजबरीच्या या घरात तीस वर्षं झाली, तरी साखर कुठल्या कपाटात असते हे मोरेश्वरांना सांगता आलं नसतं. पण आज शोभनाताईंच्या जिवाला घोर वेगळाच होता. लग्न झालं की सलोनी ओसाकाला जाणार होती. उद्या सकाळी दोघं परत निघायच्या आत आईचा होकार हवा, असं तिने बजावलं होतं. बापाने केव्हाच हो म्हणून टाकलं होतं. शोभनाताईंनी मात्र जपानी नवऱ्यांबद्दल इतकं काय काय ऐकलं होतं की त्यांची झोप उडाली होती. एवढी शिकलेली पोर, तिथे जाऊन सगळ्यांची उष्टी काढत बसली तर?

ताकुमी मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि कप पुसू लागला. शोभनाताईंना त्याचंही कौतुक वाटेना. लग्नाआधी सगळेच कप पुसतात.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "घरातलं अर्धं काम करशील? तुझ्या आईच्या समोरसुद्धा?"

त्याने कप खाली ठेवला. चहाला उकळी आली तरी तो गप्पच होता.

"माझे सगळे मित्र म्हणतात, नवरा-बायको इक्वल. मीही म्हणतो," तो अखेर म्हणाला. "पण सव्वीस वर्षांचा होईपर्यंत आई मला सफरचंद सोलून द्यायची. मी टीव्ही बघत खायचो, आणि मला काहीच वाटायचं नाही. आईसमोर मला जमेल का, माहीत नाही, काकू. दमलो की विसरेन, अशी भीती वाटते."

दारात उभ्या असलेल्या सलोनीचा चेहरा उतरला. "यार ताकुमी, नुसतं येस म्हणायचं ना!"

शोभनाताईंनी गॅस बारीक केला. नागपूरला त्यांना बघायला आले होते तेव्हा मोरेश्वर नुसतं येसच म्हणाले होते. पुढे शिकवाल? हो. नोकरी करू द्याल? हो. एकाही प्रश्नाला त्यांना क्षणभर थांबावं लागलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. हो म्हणाला आणि विसरून गेला, एवढंच. समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या या पोराविषयी शोभनाताईंना एकदम माया दाटून आली.

"आई, बोल ना काहीतरी," सलोनी म्हणाली.

शोभनाताईंनी पुष्कळ वेळ घेतला. मगच त्या हो म्हणाल्या.